रिहे खोऱ्यात, मिटलेल्या झाकणापुढे

हिंजवडीच्या काचेच्या इमारती मागे पडल्या आणि माण गाव ओलांडले, की रस्ता घोटावड्याच्या दिशेने वळतो. तेथून पुढे डोंगर दोन्ही अंगांनी जवळ येऊ लागतात आणि त्यांच्या मधोमध रिहे खोरे उलगडत जाते. विशेष असे, की संगणकाच्या कंपन्यांची हिंजवडी आणि भातखाचरांचे रिहे ही दोन्ही एकाच मुळशी तालुक्यातील गावे आहेत. एका ठिकाणी रात्रभर दिवे जळतात. दुसऱ्या ठिकाणी दिवस मावळला की डोंगराची सावली अंगणात उतरते आणि गुरे गोठ्याकडे वळतात. दोन्हींमधले अंतर मोटारीने अर्ध्यापाऊण तासाचे.

पावसाळा सरता सरता या खोऱ्याचे रूप पाहण्यासारखे असते. खाचरांतील भात निसवलेले असते. मुळशीचा आंबेमोहोर प्रसिद्ध आहे. तो फुलोऱ्यावर आला की बांधावरून चालतानाही त्याचा वास जाणवतो. उतारांवर सोनकीची पिवळी फुले दाटतात. रिह्यापुढे खांबोली, कातरखडक अशी गावे डोंगराच्या कुशीत शिरत जातात, आणि उत्तरेच्या रांगेपलीकडे पवन मावळ व तिकोन्याचा किल्ला उभा राहतो. येथे पाहायला यावे असे मोठे देवालय नाही, बाजारपेठ नाही, मनोरंजनाची साधने नाहीत. म्हणूनच ज्यांना आठवड्यातील एक दिवस घरच्या माणसांसोबत निवांत घालवायचा असतो, ती कुटुंबे इकडे वळतात. झाडाखाली सतरंजी अंथरावी, घरून आणलेला डबा उघडावा, मुलांनी ओढ्यात पाय सोडावेत आणि उजेड आहे तोवर परतावे, एवढाच त्यांचा बेत.

अलीकडे या रस्त्यावर हिरव्या पाट्यांच्या मोटारी बऱ्याच दिसतात. हिरवी पाटी म्हणजे विजेवर चालणारे वाहन. या गाड्या परक्या राहिलेल्या नाहीत. पुणे जिल्ह्यातच रांजणगावला आणि चाकणला त्या तयार होतात. त्यांच्या रचनेत एक नवी सोय आली आहे. पूर्वी पुढच्या झाकणाखाली इंजिन असे. आता तेथे इंजिन नाही, म्हणून काही मॉडेलांत त्या जागी सामानासाठी पुढची डिकी केलेली असते. मागची डिकी मुलांच्या सायकलींनी आणि खुर्च्यांनी भरली, की खाण्याचे डबे, पाण्याच्या बाटल्या, औषधांची पिशवी हे सारे पुढच्या डिकीत जाते. ती जागा स्वच्छ असते आणि हाताशी असते. मात्र ती हाताशी आहे असे आपण समजतो ते कशाच्या भरवशावर, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही.

तो पडावा म्हणून अशी एक संध्याकाळ कल्पावी. आश्विनातील दिवस आहे. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळणार. कुटुंब ओढ्यावरून साडेपाचला परत येते. आजींना सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य. त्यांचे उकळलेले पाणी, थेपल्यांचा डबा आणि संध्याकाळची गोळी पुढच्या डिकीत आहे. मुलगा खिशातील किल्लीचे बटण दाबतो. गाडी काहीच बोलत नाही. दिवा लुकलुकत नाही, आरसे उघडत नाहीत, दाराची मूठ बाहेर येत नाही. तो पुन्हा दाबतो, मोबाईल दाराला टेकवून पाहतो. सकाळी घरून निघताना पडद्यावर आकडा होता ऐंशी टक्के. मग ही गाडी मेली कशी?

उत्तर असे, की विजेच्या मोटारीत बॅटऱ्या दोन असतात. जिच्यावर गाडी धावते ती मोठी बॅटरी जमिनीलगत, आसनांच्या खाली पसरलेली असते. तिचा दाब शेकडो व्होल्टचा, आणि मध्यम आकाराच्या गाडीत तिच्यात पन्नास-साठ युनिट वीज मावते. दुसरी बॅटरी लहान, सुमारे 12 व्होल्टची, पेट्रोलच्या गाडीत असते तशीच. 12 व्होल्ट आणि 40 अँपिअर-तास अशा बॅटरीत जेमतेम अर्धा युनिट वीज असते. परंतु कुलूप, दिवे, काचा, पडदा, गाडीचा संगणक हे सगळे या लहान बॅटरीवर चालते. इतकेच नव्हे, तर मोठ्या बॅटरीची वीज बाहेर सोडणारे जाडजूड स्विचही याच लहान बॅटरीच्या बळावर मिटतात. सुरक्षिततेसाठी गाडी उभी असताना ते उघडे ठेवलेले असतात, म्हणजे मोठी बॅटरी बाकीच्या गाडीपासून तोडलेली असते. स्विच मिटले, की मोठ्या बॅटरीतून लहानीला पुन्हा वीज मिळू लागते. पण ते मिटवायला आधी लहानीत जीव हवा. कोठार भरलेले आहे आणि किल्ली हरवली आहे, अशी ही अवस्था.

लहान बॅटरी उतरण्याची कारणे अगदी घरगुती असतात. आतला दिवा राहून जातो. काचेला लावलेला कॅमेरा गाडी उभी असतानाही वीज पीत राहतो. गाडी तीन आठवडे जागची हललेली नसते. किंवा बॅटरीचे आयुष्य संपत आलेले असते. पेट्रोलची गाडी या गोष्टीची आगाऊ वर्दी देते. सकाळी स्टार्टर जड आवाज करू लागला, की घरातील जाणते माणूस म्हणते, ‘बॅटरी बदलायला झाली.’ विजेच्या गाडीत स्टार्टर नाही, त्यामुळे तो आवाजही नाही. काही गाड्या पडद्यावर सूचना देतात, पण ती वाचायची राहून गेली तर कालपर्यंत ठणठणीत वाटणारी गाडी आज एकदम मुकी होते.

आता रिह्याच्या झाडाखालची खरी अडचण लक्षात येईल. पुष्कळ गाड्यांत ही लहान बॅटरी पुढच्या झाकणाखालीच बसवलेली असते, आणि ते झाकण उघडते विजेच्या खटक्यावर. झाकण उघडायला बॅटरी हवी, बॅटरीपर्यंत पोचायला झाकण उघडायला हवे. ‘लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही’ ही म्हण जणू या गाडीसाठीच केलेली असावी.

सुदैवाने गाडी घडवणाऱ्या अभियंत्यांनी या पेचाचा विचार केलेला असतो, आणि बाहेरून वीज देण्याची एक चोरवाट ठेवलेली असते. पोर्शे कंपनीच्या काही मोटारींत इंजिन मागे किंवा मध्यभागी आणि बॅटरी पुढे, त्यामुळे हा प्रश्न तेथे जुना आहे. तिच्या काही मॉडेलांत धातूच्या किल्लीने चालकाचे दार उघडायचे, पायापाशी असलेल्या फ्यूजच्या पेटीचे झाकण काढायचे आणि तेथील लाल टोक बाहेर ओढायचे. त्याला दुसऱ्या बॅटरीचा धन चिमटा लावायचा, ऋण चिमटा दाराच्या चौकटीतील उघड्या धातूला. खटक्याला वीज मिळते आणि पुढचे झाकण उघडते. ही वाट फक्त झाकण उघडण्यापुरती आहे. या बारीक तारेतून गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केला तर तार जळेल.

टेस्ला कंपनीने 15 जुलै 2025 रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातील आपले पहिले दालन उघडले आणि मॉडेल वाय ही गाडी येथे विकायला ठेवली. या कंपनीच्या मॉडेल 3 आणि मॉडेल वाय या गाड्यांत चोरवाट बाहेरच आहे. गाडी ओढून नेण्यासाठी आकडा बसवण्याची जी जागा पुढच्या बंपरमध्ये असते, तिच्यावर एक लहानसे प्लॅस्टिकचे झाकण असते. त्याची एक कड दाबली, की ते निघते, आणि आत दोन तारा दिसतात, एक लाल व एक काळी. 12 व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक लालला आणि ऋण टोक काळीला लावले, की पुढच्या डिकीचा खटका सुटतो. हे वाचून कोणाला चोराची भीती वाटेल. तिचाही विचार केलेला आहे. गाडी कुलूपबंद असून तिच्या लहान बॅटरीत वीज शिल्लक असेल, तर या तारांनी झाकण उघडत नाही. गाडी खरोखरच निष्प्राण झाली असेल तरच ही वाट मोकळी होते.

इतर कंपन्यांनी ही सोय वेगवेगळ्या ठिकाणी केलेली असते. कोठे चालकाच्या पायापाशी लोखंडी तारेला जोडलेली ओढणी असते, कोठे किल्लीच्या पोटात दडलेले धातूचे पाते आणि दाराच्या मुठीवरील टोपीखाली दडलेले भोक असते. आपल्या गाडीची वाट कोणती, हे गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. मात्र बहुतेक घरांत ती पुस्तिका गाडीच्याच खणात असते, म्हणजे कुलूप लागलेल्या दारांच्या आत.

पुन्हा त्या कल्पिलेल्या संध्याकाळकडे यावे. बांधावरून एक शेतकरी येतो. पाठीवर फवारणीचा पंप आहे.

‘काय झालं हो दादा, गाडी बंद पडली का?’

‘बॅटरी उतरली, काका. आणि बॅटरी आहे ती या झाकणाच्या आत. झाकण उघडत नाही.’

‘किती व्होल्टची लागती?’

‘बारा.’

‘मग ही चालंल की. पंपाची बाराचीच हाय.’

शहरात तयार झालेल्या उंची गाडीचे कुलूप फवारणीच्या पंपाने उघडावे, यात अतिशयोक्ती काहीच नाही. पाठीवरच्या विजेच्या पंपांत बहुधा 12 व्होल्टचीच बॅटरी असते. झाकणाच्या खटक्याला वीज लागते ती क्षणभर आणि थोडी. तेवढे काम पंपाची किंवा मोटारसायकलची बॅटरीही करते. झाकण उघडले, की अर्धी लढाई जिंकली. पाण्याची बाटली, डबा, गोळी हाती येते, आणि आजी सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी दोन घास खाऊ शकतात.

पुढची अर्धी लढाई गाडी जागी करण्याची. तिला पंपाची बॅटरी पुरणार नाही. ट्रॅक्टरची, मोटारीची किंवा घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी हवी. येथे घाई उपयोगाची नाही. ट्रॅक्टरचे इंजिन बंद ठेवावे. लाल चिमटा आधी धन टोकाला, मग काळा चिमटा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या धातूच्या जागी; काढताना याच्या उलट. चिमटे एकमेकांना लागू देऊ नयेत. मालट्रकची मदत घेण्याचा मोह टाळावा, कारण ट्रकची वीज बहुधा 24 व्होल्टची असते आणि ती गाडीचे नाजूक संगणक जाळून टाकील. नारिंगी रंगाच्या जाड तारा म्हणजे मोठ्या बॅटरीच्या तारा. त्यांना हात लावणे जिवावर बेतू शकते. एवढी पथ्ये पाळली, की काही मिनिटांत पडदा उजळतो, मोठी बॅटरी जोडली जाते आणि लहानीला वीज पाजू लागते. मग चिमटे काढून शहराची वाट धरता येते, आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी तपासून घेता येते. धक्का मारून मात्र ही गाडी सुरू होत नाही. तो उपाय गिअरच्या जुन्या गाड्यांचा.

साठा असणे आणि तो हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुळशी तालुक्याला कोणी नव्याने सांगायला नको. रिह्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याजवळ मुळा नदीवर टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले, तेव्हा मावळातील शेतकरी जमिनीसाठी उभे राहिले. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी होते. याच लढ्यातून लोकांनी त्यांना सेनापती ही पदवी दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या सोबतीला होते. सुमारे तीन वर्षे मावळ्यांनी तुरुंगवास आणि मारहाण सोसली. तरी धरण झाले, भाताची खाचरे पाण्याखाली गेली. ते पाणी कड्यावरून कोकणात भिरा येथे उतरवून 1927 पासून वीज होऊ लागली, आणि ती वीज मुंबईकडे गेली. पाणी मावळच्या डोळ्यांपुढे साठलेले होते. त्याची कळ मात्र दुसऱ्याच्या हाती होती.

त्या इतिहासाची आणि एका मोटारीच्या झाकणाची तुलना होऊ शकत नाही. एका बाजूला हजारो माणसांचे उद्ध्वस्त संसार, दुसऱ्या बाजूला एका संध्याकाळची गैरसोय. तरीही रिह्याच्या रस्त्यावर उभे असलेल्या कुटुंबाला जी लहानशी अस्वस्थता जाणवते, तिचा एक धागा त्या मोठ्या प्रश्नाशी जुळतो. ज्या वस्तूवर आपण विसंबलो, तिची कळ कोठे आहे हे आपल्याला ठाऊक आहे काय?

मागच्या पिढीला ते ठाऊक असे. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पुढे मुंबईच्या कुर्ल्यातून भारतीय रस्त्यांवर मोटारी येऊ लागल्या. त्या काळच्या गाड्यांत झाकणाला लोखंडी तार आणि दाराला पितळी-लोखंडी किल्ली असे. अँबॅसिडरसोबत आणि जुन्या जीपसोबत एक वाकडे हँडल मिळे. बॅटरी बसली, तर पुढच्या बाजूने ते घालून हाताने इंजिन फिरवायचे. त्या हँडलच्या उलट झटक्याने मनगट दुखावलेली माणसे पुष्कळ घरांत होती, तेव्हा त्या दिवसांचे गोडवे फार गाऊ नयेत. नव्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत, धूर सोडत नाहीत, खर्चही कमी करतात. जुन्या माणसांकडून घ्यायचे ते एवढेच, की हँडल कोठे ठेवले आहे हे घरातील प्रत्येकाला माहीत असे.

म्हणून रिह्याला किंवा अशाच एखाद्या खोऱ्यात निघण्याआधी एक संध्याकाळ घरच्या अंगणात द्यावी. पुस्तिका उघडून पुढचे झाकण बॅटरीविना कसे उघडते ते वाचावे, त्या पानाचे छायाचित्र दोघातिघांच्या मोबाईलमध्ये ठेवावे. किल्लीतील पाते काढून एकदा दार उघडून पाहावे. चालकानेच नव्हे, सोबतच्या मोठ्या माणसांनीही. टेस्लासारखी गाडी असेल तर बंपरमधील टोपी ओळखून ठेवावी. बॅटरीला चार वर्षे होत आली असतील तर ती तपासून घ्यावी. भरलेल्या बॅटरीचा दाब 12.6 व्होल्टच्या आसपास असतो. बाराच्या खाली घसरू लागला, तर तिच्यावर भरवसा ठेवू नये. हातात मावणारी जंप स्टार्टरची पेटी मिळते, ती जवळ बाळगावी. पण पुढच्या डिकीत नव्हे. कुलूपबंद पेटीची किल्ली त्याच पेटीत ठेवण्यासारखे ते होईल. ती पेटी, आजींची गोळी आणि पाण्याची एक बाटली हातातल्या पिशवीतच असावी, आणि ती पिशवी गाडीतून उतरणाऱ्याच्या खांद्यावर असावी.

आणखी एक तयारी कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेली नसते. खोऱ्यात शिरताना गावातील माणसाला रामराम करावा, गाडी खाचराच्या वाटेत न लावता विचारून लावावी, मुलांना भाताच्या लोंब्या ओरबाडू देऊ नयेत. ज्याच्या बांधावर सकाळी आपण माणसासारखे वागलो, तोच संध्याकाळी पंप घेऊन जवळ येतो. त्याने पैसे नाकारले, तर निदान पत्ता लिहून घ्यावा आणि भाताच्या हंगामात तांदूळ त्याच्याकडूनच न्यावा.

दिवस मावळतो. डोंगराची कड काळी होते आणि घोटावड्याच्या बाजूला पहिले दिवे लागतात. फवारणीचा पंप पाठीला लावून शेतकरी बांधाने घराकडे निघालेला असतो. रस्त्यावर हिरव्या पाटीची गाडी आवाज न करता हळूहळू हिंजवडीच्या दिशेने उतरू लागते. आजी मागच्या आसनावर बसून विचारतात, ‘त्या काकांचं नाव विचारलंस का रे?’ मुलगा गाडी थांबवतो, उतरतो आणि बांधाकडे परत चालू लागतो.